कॅमेऱ्यात न सापडलेला ध्रुवीय प्रकाश: मुंबई, १८७२

४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश, म्हणजेच ऑरोरा, दिसल्याची बातमी ६ फेब्रुवारीच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त छापून आली. सूर्यास्तानंतर मंदपणे दिसू लागलेला हा प्रकाश रंग बदलत राहिला, पहाटे तीनच्या सुमारास गडद जांभळा झाला आणि सूर्योदयापर्यंत टिकून होता, असा तिचा आशय.

नॉर्वे-आइसलँडच्या आकाशातले हे दृश्य १९ अंश अक्षांशावर? शंका रास्त आहे. एका वर्तमानपत्राच्या बातमीवर इतिहास उभा करू नये. परंतु येथे साक्षीदार आणखीही आहेत. त्याच रात्री मुंबई-एडन समुद्री तारेवरील संदेशवहन कित्येक तास विस्कळीत झाले. चीन आणि जपानमध्ये लाल आकाशाच्या नोंदी झाल्या. सुदानातील खार्टूममध्येही प्रकाश दिसला. आणि कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकसूची अस्वस्थ झाली होती.

या सर्वांचे मूळ एकच. सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावर आदळला की ध्रुवाभोवतीचे प्रकाशाचे कडे विषुववृत्ताच्या दिशेने पसरते, लांबलचक तारांमध्ये नको असलेला प्रवाह वाहू लागतो आणि आपल्याकडे चुंबकक्षेत्राची आडवी तीव्रता एकाएकी घटते. ही घट मोजणे हेच कुलाब्याचे काम. तेथे १८४१ पासून नियमित चुंबकीय नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९ च्या सुप्रसिद्ध सौरवादळात तेथे सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. ती कोणत्याही स्वयंचलित यंत्राने टिपलेली नव्हती. दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा, अशी ती पद्धत होती; वादळ सुरू झाले की वाचनांमधले अंतर कमी करायचे. मुंबईतल्या त्या अनाम निरीक्षकांच्या चिकाटीवर आजचे सौरवादळांचे संशोधन उभे आहे, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांना अजून ठाऊक नसावी!

१८७२ च्या वादळाची तीव्रता आधुनिक संशोधकांनी उणे ८३४ नॅनोटेस्लांच्या आसपास काढली आहे.

मग त्या रात्रीचे छायाचित्र का नाही? छायाचित्रकला तर तोवर तीन दशकांहून जुनी झाली होती. अडचण काचेची होती. त्या काळची ‘ओली काच’ रसायन सुकण्यापूर्वी, काही मिनिटांतच, वापरावी लागे. शिवाय तिला निळा रंग चटकन कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. मंद, हलणारा प्रकाश तिच्यावर उमटणे शक्यच नव्हते. ध्रुवीय प्रकाशाचे पहिले छायाचित्र म्हणून जे ओळखले जाते, ते जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन ब्रेंडेल यांनी उत्तर नॉर्वेत काढले, जानेवारी १८९२ मध्ये. मुंबईला वीस वर्षे उशीर झाला, किंवा प्रकाश वीस वर्षे लवकर आला.

गंमत अशी की चुंबकाच्या हालचालीचे ‘छायाचित्र’ मात्र त्याआधीच निघत होते. चुंबकाला आरसा, आरशावरून परावर्तित होणारा दिव्याचा किरण आणि घड्याळाच्या गतीने फिरणारा प्रकाशसंवेदी कागद, ही चार्ल्स ब्रुक यांची युक्ती ग्रीनिचच्या वेधशाळेत १८४७ च्या सुमारास रुजली. त्याच ग्रीनिचची वेधशाळा २००९ पासून खगोलछायाचित्रांची जागतिक स्पर्धा घेते आणि तिच्यात ध्रुवीय प्रकाशासाठी वेगळा विभाग असतो.

त्या विभागासाठी महाराष्ट्राच्या आकाशातून चित्र मिळेल का? १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथून तांबूस प्रकाश कॅमेऱ्यांनी टिपला. ते वादळ सुमारे उणे ४०० नॅनोटेस्लांचे होते, म्हणजे १८७२ च्या निम्मे. हानले ३२ अंशांच्या वर आहे, त्यामुळे तेथे तेवढे पुरले. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्हा मुंबईच्याच अक्षांशावर येतो. येथे १८७२ च्या तोडीचेच वादळ हवे.

ते आलेच, तर अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगड ही उत्तम जागा. मात्र ताऱ्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते कोकणकड्यावर, आणि कडा पाहतो पश्चिमेकडे. ध्रुवीय प्रकाश उत्तर क्षितिजाला चिकटून येईल. साधारण ४०० किलोमीटर उंचीवरचा लाल प्रकाश जास्तीत जास्त २२०० किलोमीटरवरून क्षितिजावर दिसू शकतो. गडावरून हे अंतर थेट पामीरपर्यंत पोहोचते. तिथवर ते कडे उतरायला हवे.

आणि उत्तरेलाच नाशिक आहे! शहराच्या दिव्यांची तांबूस झाक दीर्घ एक्सपोजरमध्ये हमखास उमटते. त्यात वातावरणाची स्वतःची मंद प्रभा, तीही ऑक्सिजनच्याच लाल रंगाची. छायाचित्रातील लाली खरी की खोटी, हे केवळ छायाचित्र पाहून ठरवणे कठीण.

निवाडा पुन्हा चुंबकाकडे जाईल. कुलाब्याचा वारसा आता अलिबागकडे आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, हे ओळखून कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे समांतर नोंदी घेतल्या गेल्या, म्हणून जुनी-नवी आकडेवारी जोडता येते. हरिश्चंद्रगडावरून कोणी लाल आकाश टिपलेच, तर त्या तासाचा अलिबागचा आलेख शेजारी ठेवून पाहावा. रेषा खोल कोसळलेली नसेल, तर ते नाशिक आहे.