बाजेवरची विश्रांती

वऱ्हाडातील मलकापूर हे भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. 1867 मध्ये हा मार्ग नागपुरास पोहोचला आणि मुंबईचे जग वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर आले. बाळंतिणीच्या खोलीचे दार मात्र त्या जगाला सहजासहजी उघडले नाही. तेथील सत्ता सुईणीची आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांची होती. बाज, खाली शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, कानाला घट्ट फडके, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पाऊल नाही, असा तो बंदोबस्त असे.

या बंदोबस्तात धूर आणि कोंदटपणा होता, तसे शहाणपणही होते. पहिलटकरीण माहेरी येई. पाणी भरणे, दळणे, कांडणे यांतून तिची सुटका होई, आणि मूल रडले तर उचलून घ्यायला आई, काकू, मावशी जवळ असत. तथापि हा रिवाज नैसर्गिक प्रसूतीचा होता. पोट फाडून मूल काढल्यावर आई उठूनच बसत नसे. तेथे तिच्या विश्रांतीचा विचार कोण करणार?

ही स्थिती युरोपातही होती. 1876 मध्ये इटलीतील पोरो यांनी रक्तस्राव थांबविण्यासाठी शस्त्रक्रियेत गर्भाशयच काढून टाकले, आई वाचली. पुढे 1882 मध्ये लाइपझिगच्या झेंगर यांनी गर्भाशय काळजीपूर्वक शिवण्याची रीत मांडली आणि गर्भाशय राखूनही आई वाचू लागली. आता नवा प्रश्न उभा राहिला: पोटावर टाके असलेल्या बाईने किती दिवस निजून राहावे?

त्या वेळच्या पाश्चात्त्य शल्यवैद्यांचे उत्तर आपल्या आजीबाईंहून फारसे वेगळे नव्हते. टाके तुटतील या भीतीने रुग्णाला कित्येक दिवस पाठीवर निजवीत. परंतु जखम भरत असताना, सारे सुरळीत दिसत असताना, एखादी बाई अकस्मात दगावे. संथ झालेले रक्त शिरांत गोठते आणि ती गुठळी फुप्फुसात जाऊन अडकते, हे जर्मन पंडित फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच दाखविले होते. गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर रक्ताचा गोठण्याकडे कल अधिक असतो. त्यात निश्चल पडून राहणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. 1899 मध्ये शिकागोच्या रीस यांनी स्त्रियांच्या शस्त्रक्रियांनंतर रुग्णांना लवकर उठविण्याचा पुरस्कार केला, पण फारसे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या महायुद्धात खाटा आणि परिचारिका अपुऱ्या पडल्या, तेव्हा रुग्णांना लवकर उठविणे भाग पडले. आणि टाके तुटले नाहीत.

आज मलकापूरच्या लेकीलाही शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच दिवशी आधार देऊन उभे करतात. कुशीवर वळावे, हाताच्या रेट्याने उठावे, खोकताना पोटावर उशी धरावी, चार पावले चालावे, जड ओझे मात्र काही आठवडे उचलू नये. एका पायाला सूज व दुखणे किंवा अचानक धाप लागली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शस्त्रक्रियेच्या बाळंतिणीला सरकारी रुग्णालयात सात दिवसांपर्यंत मोफत आहाराची तरतूद आहे. त्यापुढचे दिवस घराच्या हाती असतात.

आणि तेथेच घोटाळा होतो. रुग्णालयाने हिंडायला सांगितले म्हणून कुणी तिला चुलीशी उभे करते. कुणी टाक्यांच्या धास्तीने बाजेला खिळवून ठेवते. दोन्ही वाटा चुकीच्या. चालणे म्हणजे राबणे नव्हे आणि पडून राहणे म्हणजे झोप नव्हे. दर दोन-तीन तासांनी मूल अंगावर घेणाऱ्या आईला सलग झोप दुर्मिळ. म्हणून दूध पिऊन झाले की मूल दुसऱ्याने घ्यावे आणि तिने डोळे मिटावे.

पाचवीच्या रात्री बाळासाठी घर जागे राहते, ही आपली जुनी रीत. ते जागरण एका रात्रीवर न थांबता पाळीपाळीने सव्वा महिना चालले, तर जुन्या बाजेचे शहाणपण नव्या शस्त्रक्रियेच्याही उपयोगी पडेल.