गिरणीची शिस्त

सोलापुरास १८६० साली आगगाडी आली आणि १८७७ साली शेठ मोरारजी गोकुळदास यांच्या पुढाकाराने येथील पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिलाच आपण पुढे जुनी गिरणी म्हणू लागलो. कापड येथे त्यापूर्वीही विणले जात होते. परंतु हातमागावरच्या विणकराचा दिवस घरच्या सोयीने सुरू होई. गिरणीत तसे चालेना. कापूस पिंजणे, सूत कातणे, ताण्याला खळ देणे, विणणे ही खाती एकमेकांवर अवलंबून. एक अडले की पुढचे बसून राहते. म्हणून भोंगा आला, हजेरी आली. कामाची पद्धत एकसारखी होण्याचे पहिले कारण हे यंत्र होय.

दुसरे कारण कायदा. १९११ साली कापड गिरण्यांतील पुरुषांच्या कामाला दिवसाला बारा तासांची मर्यादा पडली. १९२२ साली ती अकरा, १९३४ साली बारमाही कारखान्यांत दहा आणि १९४६ साली नऊ तासांवर आली.

तास ठरले, तरी माणसाला कामावर घेणे वा काढणे बहुधा जॉबरच्या मर्जीवर राहिले. एकाच कामाचे दर गिरणीगणिक निराळे. ते सारखे व्हावेत, असे मुंबईच्या कामगारांनाही वाटत होते. मग १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तेथे एवढा मोठा संप का झाला? कारण मालकांच्या योजनेत सारख्या दरांच्या जोडीला, दोनाऐवजी तीन साचे सांभाळण्याची गोष्ट होती. पद्धत सुधारेल, पण आपल्यातल्या काहींची भाकरी जाईल, हा हिशेब कामगाराने अचूक केला. अखेर दरांचा तक्ता आणि नियम न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे गेले.

तिसरे कारण यातच आहे, आणि ते म्हणजे संमती. मुंबई प्रांताच्या १९३८ च्या कायद्याने कामाचे नियम लेखी करणे आणि ते ठरवताना कामगारांच्या प्रतिनिधींचेही म्हणणे ऐकणे आवश्यक ठरले. मुंबईतील गिरण्यांच्या दरांचा निवाडा मात्र १९४७ साली लागला. यंत्र एका दिवसात बसते. नियम माणसाच्या मनात बसायला एवढी वर्षे लागली.

जुन्या गिरणीचा भोंगा आता वाजत नाही. परंतु ज्यांना दुकानात किंवा कचेरीत नवी पद्धत घालावयाची आहे, त्यांनी हा इतिहास आठवावा आणि आधी विचारावे: हिने काम कोणाचे हलके होणार, आणि कोणाचे जाणार?