जीएसटी नंबरमधलं शेवटचं चिन्ह कशासाठी असतं?

समजा, महाडच्या एका होलसेल व्यापाऱ्याने पोलादपूरच्या किराणा दुकानदाराला माल दिला. रिटर्न भरताना दुकानदाराचा जीएसटी नंबर चुकला आणि बिल भलत्याच्याच खात्यावर गेलं, तर पोलादपूरच्या दुकानदाराचं इनपुट टॅक्स क्रेडिट अडकतं. ही चूक पकडायची सोय नंबरमध्येच आहे.

१५ चिन्हांचा अर्थ काय?

पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा चिन्हं म्हणजे पॅन: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. तेरावं चिन्ह त्या पॅनवरची राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतं. चौदावं सहसा 'झेड' असतं आणि पंधरावं तपासणीचं.

अंक आणि अक्षरं मिसळल्याने काय होतं?

अंकाच्या जागी १० पर्याय असतात, अक्षराच्या जागी २६. अशा रचनेला मिश्र कोड म्हणतात. अक्षराच्या जागी 'ओ'ऐवजी शून्य पडलं, तर हिशेब न करताही चूक दिसते.

तपासणी कशी होते?

अंकांची किंमत ० ते ९, 'ए'ची १०, 'झेड'ची ३५. पहिल्या १४ किमतींना आळीपाळीने १ आणि २ ने गुणतात. प्रत्येक गुणाकाराला ३६ ने भागून भागाकार आणि बाकी मिळवतात. सगळ्याची बेरीज ३६च्या पटीत यायला जेवढे कमी पडतात, त्या किमतीचं चिन्ह शेवटी येतं. कुठलंही एकच चिन्ह चुकलं, तर हिशेब जुळत नाही.

मग चूक आपोआप दुरुस्त का होत नाही?

फक्त पॅनचा भाग घ्या. सहा अक्षरांत प्रत्येकी २५ आणि चार अंकांत प्रत्येकी ९ चुका शक्य आहेत; म्हणजे एकूण १८६. तपासणीच्या एका चिन्हाला उत्तरं ३६च. त्यामुळे चूक आहे एवढं कळतं, नेमकी कुठे ते कळत नाही. दुरुस्तीसाठी जादा चिन्हं लागली असती.

लक्षात काय ठेवायचं?

दोन चुका कधीकधी एकमेकींना झाकतात. शिवाय दुसऱ्याच दुकानाचा बरोबर नंबर टाकला, तर हिशेब जुळतोच. म्हणून जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून समोर येणारं नाव वाचा, मगच बिल भरा.