चेंडू पडेल तिथून

गोल्फचे सर्वात जुने लेखी नियम 1744 सालचे आहेत. एडिंबरा शहराने बक्षीस म्हणून चांदीची काठी दिली होती आणि तिच्यासाठी लीथच्या मैदानावर स्पर्धा ठरली. त्या निमित्ताने 13 नियम लिहून काढण्यात आले. स्पर्धा जिंकली जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने. पुढच्याच वर्षी तो जेकोबाइट बंडखोरांच्या सैन्यात ओढला गेला. त्या काळात गोल्फवर पोट भरणारे स्पर्धक नव्हतेच. डॉक्टर, वकील, व्यापारी असे हौशी लोकच हा खेळ खेळत.

ते खेळत ती समुद्रकाठची वाळूमिश्रित गवताळ जमीन सार्वजनिक वापराची होती. तिथे मेंढ्या चरत, गाड्या जात, सैनिक कवायत करत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या खड्ड्यांतूनच पुढचे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आले, असे मानले जाते. अशा मैदानावर चेंडू चाकोरीत, दगडांत किंवा हाडांच्या तुकड्यांत जाऊन बसणे रोजचेच होते. माणूस, घोडा किंवा कुत्रा आडवा आल्याने चेंडू थांबला, तर थांबला तिथूनच मारावा, असे 1744चा एक नियम सांगतो. दगड किंवा हाड बाजूला करण्याची मुभा फक्त साफ हिरवळीवर होती, तीही चेंडूपासून काठीभर अंतरापर्यंतच.

तरीही हे नियम पुढे सांगितले गेले तितके कठोर नव्हते. चेंडू पाण्यात किंवा घाणीच्या डबक्यात पडला, तर तो बाहेर काढून मागे ठेवता येई. त्याबदल्यात प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यावा लागे. मैदानाच्या रक्षणासाठी खणलेल्या चरातून तर दंडाशिवाय सुटका होती. म्हणजे ‘पडेल तिथून मारा’ या तत्त्वाला अपवाद जन्मापासूनच चिकटलेले आहेत.

उरलेल्या अडचणींवर खेळाडूंनी उत्तर शोधले ते हत्यारात. सुरुवातीचा चेंडू म्हणजे पिसे ठासून भरलेली चामड्याची पिशवी. तो महाग असे आणि लोखंडी काठीच्या एका चुकार फटक्याने फाटे. त्यामुळे बहुतेक काठ्या लाकडी होत्या. लोखंडी काठी निघे ती वाळूत किंवा चाकोरीत चेंडू रुतल्यावरच. चाकोरीसाठीच्या खास काठीचे डोके चेंडूपेक्षा जेमतेम मोठे असे, कारण रुंद डोके त्या खाचेत उतरणारच नाही. 1848च्या सुमारास मलायातील झाडाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू आला. तो स्वस्त होता आणि लोखंडाचा मार सोसत असे. मग लोखंडी काठ्या वाढल्या आणि बेताच्या कमाईच्या लोकांनाही खेळ परवडू लागला. रस्त्यावरच्या कठीण जमिनीवरून मारताना लाकडी काठीचा तळ झिजू नये म्हणून त्याला पितळी पट्टी बसवण्याची युक्तीही एकोणिसाव्या शतकातलीच.

वाळू मात्र दाद देत नव्हती. निब्लिक नावाच्या लोखंडी काठीची कड पातळ असल्याने ती वाळूत खोल घुसे आणि फटका तिथेच मरे. खोलगट तोंडाची काठी हा एक उपाय निघाला, पण तिच्यावर 1931 साली बंदी आली. एकाच फटक्यात ती चेंडूला दोनदा लागते, हा आक्षेप होता. खरा तोडगा अमेरिकेच्या जीन सारझनने काढला. त्याने निब्लिकच्या तळाला शिशाचा डाग देऊन मागची बाजू जाड व उतरती केली. विमान उडताना शेपटीचा भाग खाली जातो हे पाहून ही कल्पना सुचली, असे तो सांगे. ही काठी वाळूत रुतत नाही, वाळूखालून सरकते. चेंडूला न शिवता ती त्यामागची वाळू उडवते आणि वाळूच चेंडूला बाहेर फेकते. हीच काठी घेऊन 1932 साली इंग्लंडमधील प्रिन्सेस मैदानावर सारझनने 283 फटक्यांत ब्रिटिश ओपन जिंकली. हौशी खेळाडूच्या दृष्टीने गोल्फमधला याहून उपयोगी शोध दाखवणे कठीण आहे, कारण चेंडूच्या थोडे मागे पडलेला फटकाही इथे चालतो. नव्हे, तोच हवा असतो.

नियम सैलावायला मात्र वेळ लागला. 1940 साली लंडनजवळच्या रिचमंड क्लबने काढलेल्या तात्पुरत्या नियमांत, फटका मारताना बॉम्ब फुटून व्यत्यय आला, तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारण्याची परवानगी होती, पण एका फटक्याचा दंड भरूनच! थंडी-पावसात हिरवळ खराब झाली की चेंडू किंचित हलवून चांगल्या जागी ठेवू देण्याची सवलत अनेक क्लब स्थानिक नियम म्हणून देतात. 2019च्या नव्या नियमांनुसार बंकरमधली पाने, खडे उचलता येतात, आणि तिथून मारणे अशक्य वाटले तर दोन फटक्यांचा दंड घेऊन चेंडू बंकरच्या बाहेर, मागच्या बाजूला टाकता येतो. वाळूत चार-चार फटके घालवणाऱ्या नवख्याला हा सौदा बहुतेक वेळा स्वस्तच पडतो.