इंग्रजी: कानाची आणि डोळ्याची

इंग्रजी अवघड का, या प्रश्नाचे उत्तर बहुधा व्याकरणाच्या पुस्तकात शोधले जाते, आणि काही अंशी ते तेथे सापडतेही. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही उपपदे नाहीत. ती कोठे घालावीत आणि कोठे गाळावीत, हे पदवीधर मराठी माणूसही अंदाजानेच ठरवतो. आपण ‘टेबलावर’ म्हणतो. इंग्रजी ‘वर’ आधी सांगते आणि टेबल नंतर. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांचे कर्त्यामागोमाग. देवनागरीत लिहिलेले बहुतांशी तसेच वाचता येते. इंग्रजीत लिहिणे एक आणि उच्चार दुसराच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवण्यासाठी सुमारे ३० आठवडे धरते, तर मराठीच्या जवळच्या हिंदीसाठी ४४ आठवडे आणि ११०० तास. त्यांना मराठी जितकी दूर, तितकीच आपल्याला इंग्रजी दूर असणार.

तरीही हे अंतर म्हणजे पूर्ण उत्तर नव्हे. तसे असते तर दहा-बारा वर्षे शाळेत इंग्रजी शिकलेला मुलगा बोलायची वेळ आली की गप्प का होतो, आणि शाळेची पायरी न चढलेला बंगळूरच्या बाजारातील भाजीवाला कानडी, तमिळ, तेलुगू आणि दखनी या चार भाषांत हिशेब कसा करतो, हे उलगडत नाही. दक्षिणेतील भाषांची वाक्यरचना एकमेकींना जवळची आहे, हे खरे. पण त्याहून मोठे कारण असे की भाजीवाला भाषा कानाने शिकला आणि आपला विद्यार्थी डोळ्याने. हा फरक कसा पडला, याचा शोध प्रशासनाच्या इतिहासात घ्यावा लागतो. आणि त्यासाठी बंगळूरइतके सोयीचे शहर दुसरे नाही.

१६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. बारा भाषांत कविता करणारा कवी म्हणून तो ओळखला जातो. त्या दरबारात मराठी, कानडी, फारसी आणि हिंदुस्थानी रोज कानावर पडत. पुढे शिवाजीमहाराजांसाठी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध करवणारे रघुनाथपंत हणमंते हेही याच कर्नाटकातील मराठी कारभारात वाढलेले. कोश करावा लागला, यावरूनच फारसी आपल्या बोलण्यात किती मुरली होती हे कळते. अर्ज, तारीख, दप्तर, वसूल, जमीन हे शब्द आजही आपण परके मानत नाही. फारसी शिकणे सोपे होते असे नाही. पण ती कचेरीत ऐकू येत होती आणि आपल्या लिपीत, आपल्या वाक्यात येऊन बसत होती.

इंग्रजी तशी आली नाही. १८०९ मध्ये बंगळूरला ब्रिटिशांची लष्करी छावणी उभी राहिली. १८३१ मध्ये म्हैसूरचा कारभार ब्रिटिशांनी हाती घेतला आणि कारभाराचे मुख्य ठाणे बंगळूरला आले. तेव्हापासून या शहराचे दोन भाग पडले: जुनी पेठ आणि छावणी. त्यांच्या नगरपालिकाही वेगळ्या. त्या एक झाल्या १९४९ मध्ये. छावणीत इंग्रजी बोलली जाई, पेठेत ती पुस्तकातून येई. मद्रास इलाख्यातील साहेबांच्या घरचे नोकर जी मोडकीतोडकी इंग्रजी बोलत, तिला ‘बटलर इंग्लिश’ असे नाव पडले आणि १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद झाली. साहेब तिला हसत, पण तिच्यावर त्यांचे घर चाले. उलट कचेरीतील कारकून जुने मसुदे उतरवून ‘मला असे कळवण्याची आज्ञा झाली आहे’ या थाटाची निर्दोष इंग्रजी लिहायला शिकला. तोंडी दोन वाक्ये बोलायची वेळ आली की मात्र तो अडखळे. पहिल्याला कान मिळाला होता, दुसऱ्याला डोळा.

सरकारला गरज दुसऱ्या प्रकारच्या माणसाची होती. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी सरकारी नोकरीत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य देण्याचे ठरवले. तेव्हापासून इंग्रजी ही शिकण्याच्या भाषेपेक्षा निवडीची चाळणी अधिक झाली. चाळणीला परीक्षा लागते, आणि मोठ्या संख्येने घेता येणारी परीक्षा लेखीच असते. स्पेलिंग चुकले तर गुण कापता येतात. कानाला गुण देण्याची सोय नसते. शाळेने परीक्षेचे रूप घेतले, ते आजवर सोडलेले नाही.

या काळात ज्या थोड्यांना इंग्रजी खरोखर साधली, ती कशी साधली हेही पाहावे. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे हे घराबाहेरच्या मराठी माणसाचे ठळक उदाहरण. त्यांना श्वार्ट्झ आणि गेरिके या मिशनऱ्यांनी शिकवले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की हे दोघेही जर्मन होते. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हती. गुरू इंग्रज असावा लागत नाही. त्याला ती भाषा बोलता यावी आणि शिष्याला त्याचा सहवास मिळावा, एवढे पुरते. तंजावरहून त्रावणकोरला गेलेले सुब्बा राव स्वाती तिरुनाळ महाराजांचे शिक्षक आणि पुढे दिवाण झाले. त्यांना लोक ‘इंग्लिश सुब्बा राव’ म्हणत. भाषा येणे हेच माणसाचे उपनाव व्हावे, इतके ते दुर्मिळ होते. तंजावरी मराठी घराण्यातील सर टी. माधवराव मद्रासला पॉवेल यांच्या हाताखाली शिकले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोद्याचे दिवाण झाले. या सर्वांना बोलणारा शिक्षक लाभला. ते भाग्य हजारांच्या वाट्याला येणार नव्हते.

हजारांचा विचार कसा करायचा, हा वाद मुंबईत १८४० च्या दशकात झाला. शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाचे पुरस्कर्ते होते, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने. इंग्रजी शिकवू नये असे शंकरशेटांचे म्हणणे नव्हतेच. ज्ञान सामान्य लोकांपर्यंत त्यांच्याच भाषेतून पोहोचेल, असा त्यांचा आग्रह होता. पुढे दीडशे वर्षे हा वाद माध्यमाचा आणि इयत्तेचाच राहिला. महाराष्ट्राने २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आणली. कर्नाटकाने २००७ पासून कानडी शाळांत तेच केले आणि २०१९ मध्ये सुमारे हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडले. इयत्ता एका परिपत्रकाने बदलते. शिक्षक तसा बदलत नाही. स्वतः डोळ्याने इंग्रजी शिकलेला शिक्षक पाचवीऐवजी पहिलीला इंग्रजी शिकवू लागला, एवढाच फरक अनेक ठिकाणी पडला.

शिक्षकाचा प्रश्न कोणाला सुचलाच नाही, असे मात्र नाही. १९५८ मध्ये हैदराबादला केंद्रीय इंग्रजी संस्था आणि १९६३ मध्ये बंगळूरला दक्षिण भारताची प्रादेशिक इंग्रजी संस्था स्थापन झाली. दक्षिणेतील राज्यांच्या शाळाशिक्षकांना इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण देणे हे या दुसऱ्या संस्थेचे काम. हैदराबादच्या संस्थेचे संचालक असलेले विनायक कृष्ण गोकाक पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक, सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांचे प्राचार्य व पुढे बंगळूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या याच गृहस्थांच्या समितीने १९८१ मध्ये कर्नाटकात माध्यमिक शाळेत कानडी हीच एकमेव प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली. यात काहींना विसंगती वाटली. मला वाटत नाही. पहिली भाषा पक्की झाल्यावाचून दुसरी रुजत नाही, हे इंग्रजीच्या शिक्षकाइतके कोण जाणणार?

प्रशासनाच्या दृष्टीने यातून निघणारा धडा साधा आहे. इंग्रजी कितवीपासून, हा प्रश्न विधानसभेत विचारायला सोपा आणि उत्तर द्यायलाही सोपा. खरे प्रश्न वेगळे आहेत: मूल आठवड्यातून किती तास समजेल अशी इंग्रजी ऐकते, किती वेळ बोलते, त्याचा शिक्षक स्वतः किती बोलतो, आणि परीक्षेत तोंडी भागाला किती गुण आहेत. हे आकडे तपासणीच्या तक्त्यात आल्याशिवाय खर्चाचा हिशेब लागेल, शिक्षणाचा लागणार नाही. ज्यांच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येते, त्यांचे मूल शाळेच्या उणिवा घरी भरून काढते. गुलबर्गा किंवा सोलापूरकडून बांधकामावर आलेल्या मजुराच्या मुलाला शाळेवाचून दुसरा कान नाही. भाषा अवघड ठरते ती त्याच्यासाठी, आणि नोकरीच्या चाळणीतून तोच खाली पडतो.

बंगळूरच्या मराठी घरांसाठीही यात एक सूचना आहे. मुलाची इंग्रजी सुधारावी म्हणून घरातली मराठी बंद करणारे आईवडील बहुधा आपली डोळ्याने शिकलेली इंग्रजी त्याच्या कानावर घालत असतात. त्याऐवजी घरी भरघोस मराठी, अंगणात कानडी, आणि शाळेत चांगली बोलली जाणारी इंग्रजी, असा वाटा ठेवला तर तिन्ही भाषा कानाने येतील. शहाजीराजांच्या बंगळुरात मुले अशाच अनेक भाषा ऐकत वाढली असतील. आजच्या बंगळुरात त्यासाठी घराने मराठी सांभाळावी आणि सरकारने शिक्षक.