हाताच्या क्रीमची पारख: दुसऱ्यांच्या कातडीवर शिकलेली गोष्ट



भांड्यांची पावडर, धुण्याचा सोडा, चुना, सिमेंट यांत सतत हात राहिले की ते आधी कोरडे पडतात, मग चुरचुरतात, शेवटी भेगा पडतात. आपण म्हणतो, हात फुटले. ही बहुतेक वेळा ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी एखादीलाच होते. सोड्यापुढे मात्र कुणाचीही कातडी हरते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा. अशा हातांना क्रीमचा उपयोग होतो का, हे तपासायला माणूस कसा शिकला, ते आज आपण पाहू.

१८९५ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात (आज ते पोलंडमध्ये आहे) याडासोन नावाच्या डॉक्टरांनी एक रीत मांडली. ज्या औषधाचा संशय, ते कातडीच्या लहानशा जागेवर लावायचं, पट्टी बांधायची आणि वाट पाहायची. ती ॲलर्जी ओळखण्यासाठी होती, पण पट्टीची रीत पुढे इतर तपासण्यांतही आली.

१९५२ साली अमेरिकेत अर्विन ब्लँक यांनी कातडीच्या वरच्या कडक थराचे तुकडे घेतले. तेलात ठेवलेला तुकडा कडकच राहिला, पाण्याने मात्र मऊ झाला. म्हणजे कातडी मऊ ठेवतं ते पाणी. तेल किंवा मलम ते पाणी उडून जाऊ देत नाही, एवढंच. म्हणून हात धुतल्यावर, ते जरा ओलसर असतानाच मलम लावावं.

यापुढचा भाग ऐकायला जड आहे. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत डॉक्टर क्लिगमन यांनी कैद्यांच्या पाठीवर, हातांवर कितीतरी औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं तपासली. कैदी बहुतेक काळे आणि गरीब होते. थोड्या डॉलरांसाठी ते तयार होत. आपल्या अंगाला काय लावलं जातंय, हे अनेकांना नीट सांगितलेलंही नव्हतं. काहींच्या अंगावर व्रण राहिले. त्या शहराने माफी मागितली ती २०२२ साली.

नंतर स्वेच्छेने आलेल्या लोकांवर तपासणी होऊ लागली. एका हाताला रोज क्रीम लावायचं, दुसरा तसाच ठेवायचा. मग दोन्हींवर साबणातल्या सोडियम लॉरिल सल्फेटची पट्टी ठेवायची. लाली किती येते, कातडीतून पाणी किती उडतं, ते यंत्राने मोजायचं. स्वीडनमध्ये युरिया असलेलं क्रीम लावलेली कातडी जास्त टिकली. डेन्मार्कमध्ये १९९९ साली उलटंच दिसलं: निरोगी हाताला चार आठवडे एक क्रीम लावलं, तर तोच हात साबणापुढे जास्त हळवा ठरला. म्हणजे मऊ वाटणं वेगळं आणि कातडी राखणं वेगळं.

म्हणून, मैत्रिणींनो, क्रीम घेताना नुसत्या वासाला भुलू नका. नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून काही दिवस पाहा. आग झाली तर धुऊन टाका आणि बंद करा. फुटलेल्या, चिघळलेल्या हातावर प्रयोग नको, दवाखाना गाठा. आणि आपल्या बचत गटात मलम बनत असेल, तर त्यात काय आहे ते सांगितल्याशिवाय कुणाच्याही हाताला लावू नका. होम्सबर्गच्या माणसांना एवढंही मिळालं नव्हतं.