सभासद आणि ग्राहक : मुळा-प्रवरा वीज संस्थेच्या इतिहासाचा एक विचार

जालन्याच्या सीमेलगतचे देऊळगाव राजा हे गाव बालाजीच्या यात्रेमुळे सर्वपरिचित आहे. विजेच्या इतिहासात मात्र त्याची स्वतंत्र नोंद आढळत नाही, आणि ह्या अभावालाही काही अर्थ आहे. १९५६ पर्यंत बुलढाणा जिल्हा जुन्या मध्यप्रदेशात होता. त्यानंतर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्य बदलले तसे वीज मंडळ बदलले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० च्या जूनमध्ये झाली, आणि २००५ साली त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे गेले. ह्या सर्व स्थित्यंतरांत गावकऱ्याचे स्थान एकच राहिले : तो ग्राहक होता. तारांचा मालक होण्याची संधी त्याच्यापुढे कधीच आली नाही.

ती संधी गोदावरीपलीकडे, तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर परिसराला मिळाली. १९६९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केले. त्याच सुमारास अमेरिकन साहाय्याने देशात पाच प्रायोगिक वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या : महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, कर्नाटकात हुक्केरी, आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. अमेरिकेत १९३५ च्या सुमारास दहा शेतकऱ्यांपैकी जेमतेम एकाच्या घरी वीज होती. खाजगी कंपन्यांना विरळ वस्तीत तारा नेणे परवडत नसे, म्हणून शेतकऱ्यांनी सरकारी कर्ज काढून स्वतःच्या संस्था स्थापिल्या. त्यांतील अनेक संस्थांचे सभासद आरंभी आपले मीटर स्वतःच वाचून आकडा टपालाने कळवीत. ही बाब किरकोळ वाटते, पण पुढील विवेचनाचा आधार तीच आहे.

महाराष्ट्रात ह्या प्रयोगासाठी प्रवरेचे खोरे निवडले गेले, ह्यात आश्चर्य नाही. भंडारदऱ्याच्या पाण्यावर तेथे ऊस उभा होता. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० सालीच सुरू झाला होता, आणि धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. भाग घेणे, सर्वसाधारण सभेस जाणे, संचालक निवडणे हे व्यवहार तेथील शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले होते. कोरडवाहू कापूस-ज्वारीच्या वऱ्हाडात असा पाया नव्हता. विजेचा सहकार विजेच्या आधी आलेल्या सहकारावर उभा राहतो, हे ह्यावरून दिसते.

संस्थेने सभासदाला काय दिले? गावोगाव तारा व रोहित्रे, पंपांच्या जोडण्या, आणि तक्रार नेण्यासाठी जवळचे कार्यालय. तार तुटली, फ्यूज उडाला, डीपी जळाली, तर दुरुस्ती करणारा माणूस संस्थेचा होता आणि त्याच्या वरिष्ठांना सभासदांच्या मतांची गरज होती. दुरुस्ती लवकर होण्यास ह्याहून वेगळे कारण लागत नाही. परंतु खंडित पुरवठ्याचा दुसरा प्रकार संस्थेच्या हाताबाहेरचा होता. संस्था वीज निर्माण करीत नसे; मंडळाकडून घाऊक भावाने विकत घेऊन ती वाटीत असे. वरून येणारा पुरवठाच कमी झाला, तर संचालक मंडळाच्या ठरावाने दिवा लागत नसे.

ह्या दोन प्रकारांतला भेद रोजच्या बोलण्यात उमटत नाही. मराठीत 'लाइट जाते'; ती कोणी घालवली हे ते क्रियापद सांगत नाही. 'भारनियमन' ह्या घडवलेल्या शब्दाने तर अभावाला व्यवस्थेचे रूप दिले. पंप बंद पडलेल्या शेतकऱ्याला मात्र दोष कोणाचा हे ठरवावेच लागते, आणि तो दोष जवळच्या कार्यालयावर येतो. मालकी तारांची होती, जबाबदारी मात्र साऱ्या विजेची मानली गेली.

खरा पेच हिशेबाचा होता. महाराष्ट्रात कृषिपंपांना मोठ्या प्रमाणावर मीटरविना, अश्वशक्तीनुसार सपाट दराने आकारणी होत आली. मुळा-प्रवरेलाही ही पद्धत टाळता आली नाही. घाऊक वीज मोजून घ्यायची आणि पंपांना न मोजता द्यायची, असा हा व्यवहार होता. मंडळाला कारखान्यांच्या चढ्या दरांतून शेतीची तूट भरून काढता येई. संस्थेच्या क्षेत्रात शेतीचा भार प्रचंड, उद्योग थोडे. तिला ती सोय नव्हती. शिवाय थकबाकीदार हाच मतदार. त्याची जोडणी तोडणारा संचालक पुढच्या निवडणुकीत कोठे असेल, हे सांगावयास नको. सभासद स्वतःचा मीटर वाचतो, ह्या मूळ कल्पनेचे येथे काहीच उरले नाही.

थकबाकी वाढत गेली. महावितरणाच्या हिशेबानुसार ती दोन हजार कोटी रुपयांहून अधिक झाली. ३१ जानेवारी २०११ रोजी संस्थेच्या परवान्याची मुदत संपली. राज्य वीज नियामक आयोगाने परवाना महावितरणाला दिला, आणि श्रीरामपूरचा सभासद देऊळगाव राजाच्या शेतकऱ्यासारखाच ग्राहक झाला. संस्थेच्या तारा-खांबांचे भाडे किती, हा वाद नंतरही चालू राहिला. येथे केवळ गैरव्यवस्थेचा ठपका ठेवून थांबणे अन्यायाचे होईल. दर, सवलती आणि पुरवठा बाहेर ठरत असताना मालकीला कितपत अर्थ उरतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. सीमाभागात हुक्केरीची संस्था टिकून राहिली, ही वस्तुस्थितीही सहकाराचे अपयश अटळ होते असे म्हणू देत नाही.

दरम्यान ग्राहकाला काही हक्क मिळाले. २००३ च्या विद्युत कायद्याने तक्रार निवारण मंच व विद्युत लोकपाल आणले. आयोगाच्या विनियमांनी ग्रामीण भागातील निकामी रोहित्रासाठी ४८ तासांची मुदत घातली आणि विलंबाबद्दल भरपाई ठेवली. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात ग्रामीण वितरणासाठी सहकारी संस्थांचा उल्लेख आहे, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. व्यवहारात मात्र रब्बीच्या ऐन पाण्याच्या वेळी डीपी जळाली की त्या डीपीवरचे शेतकरी वर्गणी काढतात, ट्रॅक्टर जोडतात आणि रोहित्र स्वतःच वाहून नेतात. त्या वर्गणीची पावती नसते, तिच्यावर भाग मिळत नाही, आणि वाहून आणलेले रोहित्र कंपनीचेच राहते.